भुसकटातली साखर

प्रतीक्षा मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती भुसकट चावत होती.

सास्तूरच्या शिवारात सोयाबीनची मळणी चालू होती. मळणीयंत्र माझं. दाणे एका बाजूला पडत होते, भुसकट दुसऱ्या बाजूला उडून त्याचा ढीग होत होता. त्या ढिगापाशी एक मुलगी उभी. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पापण्यांवर धूळ, आणि तोंडात एक काडी. नुसती धरलेली नव्हे, ती मन लावून चावत होती.

मी मशीन बंद केलं.

"काय खायलाव मॅडम? दाणे तिकडं हायेत."

"दाण्यांची चव माहीत आहे मला," ती म्हणाली. "याची बघतेय."

"मग? कशी लागली?"

"वाईट." तिनं काडी थुंकली आणि दुसरी उचलली. "पण यात साखर आहे."

"आमच्या म्हशीला सांगा की. ती तर तोंड फिरवती."

ती हसली. तिच्या दातात भुसकट अडकलं होतं. ते तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

प्रतीक्षाला जाऊन आता वर्ष होत आलं. पण ही गोष्ट त्या हसण्यापासून सुरू होते, म्हणून तिथूनच सांगतो.

ती तुळजापूरची. वडील वसंतराव कचेरीत कारकून. ती धाराशिवला विद्यापीठात शिकत होती आणि शेतात उरलेल्या काडीकचऱ्यापासून इंधन करून बघत होती. आमच्याकडं सोयाबीन निघालं की भुसकट बांधावरच पेटवून देतात. तिला ते जाळायचंच होतं, पण आधी त्याचं इथेनॉल करून.

"जोंधळ्याचं ताट चावलं की गोड लागतं," तिनं मला सांगितलं. "तिथं साखर मोकळी असते. यात ती एकमेकींचे हात घट्ट धरून बसलेली असते. जिभेला काही सापडत नाही."

"मग हात कोण सोडवणार?"

"मी," ती म्हणाली. "तुम्ही पाणी आणि सावली दिलीत तर."

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सरकारकडनं मिळालेल्या आमच्या घरामागं पत्र्याची शेड होती. ती मी रिकामी करून दिली. विद्यापीठाची परवानगी होतीच. तिनं एक मोठं पिंप आणलं, शेगडी आणली, नळ्या आणल्या. सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची.

माझी आई सिताबाई. माझा बाप हातभट्टीच्या दारूनं गेला. त्यानंतर आईनं गावातल्या बायका गोळा केल्या आणि ओढ्याकाठची एकेक भट्टी फोडली. तिला बघून पिणारे रस्ता बदलायचे.

"काय करायलीय रे ती पोरगी?" आईनं मला विचारलं.

"गोबरगॅससारखं असतंय आई."

मला खरंच तसं वाटत होतं. इथेनॉल हा शब्द मी पेट्रोल पंपाच्या पाटीवर वाचला होता. तो तिथला म्हणजे तेलासारखं काहीतरी असणार. पुढं विचारलं नाही.

प्रतीक्षा मात्र सगळं विचारायची. मळणीयंत्राची चाळणी का हलते, चिमण्या ढिगात काय शोधतात, मी ऐकताना जमिनीकडं का बघतो.

"सवय हाय," मी म्हणालो.

"जमीन उत्तर देते का?"

"नाय. पण हसत नाय ती."

"मी हसते म्हणून त्रास होतो तुम्हाला?"

मी पुन्हा जमिनीकडं बघितलं. त्रास होत होता, पण ती म्हणत होती तसा नव्हे.

भुसकट बारीक केलं, चुन्याच्या पाण्यात शिजवलं, धुऊन धुऊन काढलं. मग तिनं साखरेचे हात सोडवणारी, प्रयोगशाळेतनं आणलेली एक पावडर त्यात घातली आणि पिंप कोमट ठेवायला सांगितलं. मी पोती गुंडाळली. ती नसतानाही हात लावून बघायचो, गार तर पडलं नाही ना.

"हे जमलं नाही तर काय?" एकदा मी विचारलं.

"तर पुण्याला दादाकडं. अनिरुद्धदादानं एक स्थळ बघून ठेवलंय." ती पिंपाच्या काठावर बोट फिरवत होती. "जमलं तर विद्यापीठ काम पुढं नेईल. मग मी इथंच... म्हणजे धाराशिवला."

तेव्हापासून मी त्या पिंपाकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघायला लागलो.

एका सकाळी तिनं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. डोळे मोठे झाले. पुन्हा बोट बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं.

"घ्या."

मी तिच्या बोटाकडं बघितलं. मग माझंच बोट पिंपात घातलं. ती गालात हसली.

"भित्रे आहात."

पाणी तुरट होतं. आणि तुरटाच्या मागनं हळूच... गोड. खरंच गोड. बांधावर पेटवून द्यायचो आम्ही ते.

"सुटले हात," मी म्हणालो.

"साखरेचे," ती म्हणाली.

मग तिनं त्यात यीस्ट घातलं. पाण्यावर बुडबुडे यायला लागले. कान लावला की बारीक आवाज यायचा. आणि मग वास सुटला.

तो वास मी ओळखला. लहानपणी बाप दारात यायच्या आधी हाच वास यायचा. मी प्रतीक्षाला काही विचारणार, तेवढ्यात आई शेडच्या दारात उभी. हातात मुसळ, मागं गल्लीतल्या बायका.

"माझ्या दारात?" आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "समर्थ, माझ्या दारात भट्टी?"

"आई, ते गोबरगॅस—"

"गप ऱ्हा. ह्यो वास मला शिकवू नगंस. पोरी, खरं सांग. दारू हाय का न्हाय ही?"

प्रतीक्षा पिंपापुढं उभी होती. तिला 'नाही' म्हणता आलं असतं. बायकांना काय कळलं असतं?

"मूळ तेच आहे मावशी," ती म्हणाली. "दारूत असतं तेच यात आहे. पण हे प्यायचं नाही, जाळायचं आहे. गाडीत, चुलीत."

आईनं मुसळ उचललं. मी पुढं झालो नाही. मला दोघींच्या मधे उभं राहता येईना.

"जाळायचं?" आई थांबली. "हे जळतंय?"

"जळतं. आधी पाणी वेगळं करावं लागतं."

"राख ऱ्हाती का मागं?"

"काही राहत नाही."

आई पिंपाकडं बघत राहिली. मग मुसळ खाली टेकवलं.

"ह्यानं माझा माणूस जाळला," ती म्हणाली. "हे जळताना बघायचंय मला. कर. मी हितंच बसती."

आणि ती बसली. प्रतीक्षानं शेगडी लावली, नळी बसवली, नळीवर गार पाणी सोडलं. थेंब थेंब पडायला लागलं. पहिल्यांदा आलं ते पातळ होतं, म्हणून ते पुन्हा तापवलं. आई मधेमधे विचारायची, पाणी का टाकतीस, नळी वाकडी का, आधी कोण उडतंय, पाणी का हे? प्रतीक्षा सांगायची. दोघींना प्रश्नांची सारखीच हौस, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी छोट्या बर्नरमध्ये ओतून तिनं काडी लावली. उन्हात ज्योत दिसेना. आईनं हात जवळ नेला आणि चटकन मागं घेतला.

"दिसत न्हाय, पण भाजतंय."

पत्र्याच्या सावलीत आणलं तेव्हा निळी ज्योत दिसली. धूर नाही, काजळी नाही. आईनं घरातनं चहाचं पातेलं आणून त्यावर ठेवलं. उकळी यायला लई वेळ लागला, पण आली. आईनं डोळ्याला पदर लावला, आणि धूर तर नव्हता.

"मावशी," प्रतीक्षा हळूच म्हणाली, "राहिलेल्यातली एक बाटली धाराशिवला न्यावी लागेल. तपासायला."

"न्हाय. हितंच जाळ सगळं."

"ती गेली नाही तर माझं काम संपलं."

"परक्याच्या हातात ह्यातला थेंब मी देणार न्हाय. घरचं माणूस असतं तर गोष्ट येगळी."

प्रतीक्षानं माझ्याकडं बघितलं. मी चहाकडं.

"मग..." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरचं करून घ्या ना."

आई चमकली. "ह्यो काय म्हणतोय?"

"ते काहीच म्हणत नाहीत. भुसकटातनं साखर निघाली मावशी, पण यांच्या तोंडातनं एक शब्द—"

"व्हय," मी म्हणालो.

"कशाला व्हय?" आईनं विचारलं.

"सगळ्यालाच."

बायका हसायला लागल्या. आईनं मुसळ माझ्या हातात दिलं. "ने, घरात ठेव. आता ह्याचं काम न्हाय."

बाटली धाराशिवला गेली ती आमच्या मोटारसायकलवरनं, आईच्या मांडीवर, पदराखाली. जन्मभर दारू ओतून देणारी सिताबाई बाटलीला धक्का लागू नये म्हणून मला ओरडत होती, "हळू चालीव की रं!" वसंतरावांना पटायला वेळ लागला. आईच जाऊन बसली त्यांच्याकडं, आणि पटेपर्यंत उठली नाही.

बाटली तपासणीत टिकली, विद्यापीठानं काम पुढं नेलं. संसार झाला. फार मोठा नाही. गेल्या दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि प्रतीक्षा गेली. शेवटपर्यंत डॉक्टरांना विचारत होती, सलाइनमध्ये काय काय आहे.

परवा मळणी होती. पोतं धरायला गल्लीतला गोरोबा होता. मी मशीन बंद केलं, ढिगापाशी गेलो आणि एक काडी तोंडात धरली.

"काय खायलाव दादा?" गोरोबानं विचारलं.

"चव बघायलोय."

"मग? कशी लागली?"

"वाईट," मी म्हणालो, आणि दुसरी उचलली.