मूळरेषेचा थेंब

इचलकरंजीच्या कर्करोग प्रयोगशाळेत अक्काताई मगदूम नातीच्या शेजारी ताठ बसल्या होत्या. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण तीस माग आणि दोन सुना एका शब्दावर चालवलेली. डॉक्टरांपुढं मान खाली घालायची तिला सवय नव्हती.

स्वरांजलीच्या छातीत लिंबाएवढी गाठ निघाली होती. आणि तिच्या दंडात, कातडीखाली बसवलेला रक्तप्रहरी दोन वर्षांत एकदाही वाजला नव्हता.

"यंत्र खोटं, नाहीतर तुम्ही," अक्काताई म्हणाल्या.

डॉ. नाझनीन मुजावर रागावल्या नाहीत. स्तनाच्या पेशींवर साखरेची झूल पांघरलेलं एक प्रथिन असतं, म्युसिन, असं त्यांनी समजावलं. पेशी बिघडली की झूल विरते आणि प्रथिनाचे तुकडे रक्तात सांडायला लागतात. तसे ते निरोगी बाईच्या रक्तातही असतात, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. म्हणून प्रहरी नुसता आकडा बघत नाही. लग्नाआधी घेतलेल्या थेंबाशी, मूळरेषेशी, ताडून बघतो. रेषेच्या वर गेलं तरच वाजतो.

"आज हिचा आकडा एकशे दहा आहे. फार आहे. पण मूळरेषाच एकशे बारा! निरोगी पोरीची इतकी नसते. तो थेंब कुणाचा?"

"माझाच," स्वरांजली म्हणाली. "घरी आजीनंच बोट टोचलं. थेंबाचा कागदही तिनंच धाडला."

अक्काताईंची सून, स्वरांजलीची आई, याच दुखण्यानं गेलेली. जयसिंगपूरच्या स्थळानं पत्रिकेबरोबर मूळरेषा मागितली, तेव्हा आईचं पोरीत दिसेल या भीतीनं त्यांनी तिचा कागद चुलीत घातला आणि दुसऱ्यावर स्वतःचा अंगठा टोचला. अडुसष्ट वर्षांत डोकेदुखीची गोळी न घेतलेलं रक्त. लग्न वाजतगाजत झालं.

"थेंब माझा होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, घरात सगळ्यात चोख रक्त माझंच."

स्वरांजलीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. खरा थेंब गेला असता तर काय झालं असतं, एवढंच तिनं डॉक्टरांना विचारलं. प्रहरी वर्षापूर्वीच वाजला असता, गाठ मुगाएवढी असताना, असं उत्तर आलं. आता ती यकृतापर्यंत पोचली होती.

"पुसा ती माझी रेषा," अक्काताई म्हणाल्या. नोंद पुसता येत नाही, फक्त खऱ्या मालकिणीच्या नावावर करता येते, असं डॉक्टर म्हणाल्या आणि बोलता बोलता थांबल्या. मग आवाज उतरवून त्यांनी आजींचा हात मागितला.

"घ्या की," म्हणत अक्काताईंनी अंगठा पुढं केला.

नाव बदललं. नवा थेंब मेजावरच्या यंत्रात गेला. पडद्यावर दोनशे चाळीस उमटलं आणि यंत्र वाजायला लागलं.

"हे तिचं का माझं?"

"तुमचं, आजी. दोन वर्षांपूर्वीही होतं."

स्वरांजलीनं आता आजीकडं पाहिलं. यंत्र वाजतच होतं.

"बंद करा ते," अक्काताई म्हणाल्या. "पोरगी भितीय."