चिंगीची बट

आरशासमोर एकटीनं उड्या मारणं हा तिच्या कामाचाच भाग होता, पण दार उघडणाऱ्याला ते कसं कळणार? डोक्यावर कागदाचे सशाचे कान, एक पाय हवेत, गाल फुगवलेले… आणि दारात एक ताडमाड तरुण.

"माफ करा, नाचाचं शूटिंग इथंच ना?"

"शेजारच्या खोलीत." तिनं पाय खाली टेकवला. "मी नाचत नव्हते. चित्र काढत होते."

"दिसलं ते," तो गंभीरपणे म्हणाला. "कान छान आलेत."

अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे, म्हणून स्टुडिओत तिला सगळे पेन्सिलच म्हणत. त्याला त्याचे नाचातले सोबती उंट म्हणायचे. हे त्यानं स्वतःच सांगितलं, वर विचारलं, "कुबड दिसतंय का कुठं?"

काम एका उडत्या चालीच्या गाण्याचं होतं. जपानी कार्टूनच्या ॲनिमे धाटणीचा व्हिडिओ, त्यात चिंगी नावाची मुलगी: गुलाबी केस, दोन शेंड्या, बशीएवढे डोळे, पाय म्हणून जमिनीला लागत नाहीत. उंटानं कॅमेऱ्यासमोर नाचायचं आणि ते चित्रण थांबवत थांबवत पाहून पेन्सिलनं चिंगीला नाचवायचं. आधी हालचालीची दोन टोकं काढायची, उडी सुरू होताना आणि संपताना. मधली चित्रं मग आपल्या अंदाजानं भरायची. अंदाजात तिचा हात धरणारं स्टुडिओत कुणी नव्हतं.

शूटिंग संपलं तरी तो येत राहिला. कधी बूट विसरला म्हणून, कधी तेवढंही कारण न देता.

"माझे पाय एवढे वाकडे आहेत?"

"हे चिंगीचे आहेत. तुमचे याहून वाकडे."

"आता तरी 'अरे' म्हण. महिनाभर माझे पाय बघतेयस."

"पायांशी ओळख झालीय. बाकीच्याशी कुठं…" ती म्हणाली, आणि उगाचच खोडरबर शोधू लागली.

बाकीच्याशीही होत होती. चित्रण सावकाश पुढे सरकवताना तिला एक गोष्ट दिसली होती. गिरकी घेण्याआधी त्याचा उजवा हात अलगद कानामागं जाई, जणू केसांची बट सारायला. त्याचे केस तर बोटभरही नव्हते. ही लकब त्याची त्याला ठाऊक नसणार. जगात ती फक्त आपल्याला दिसली, या विचारानंच ती दिवसभर हवेत असे.

गाणं जिथं क्षणभर थांबतं, नेमकं तिथं तिनं ती लकब चिंगीला दिली. थांबणं, बट सारणं, गिरकी. "जीव घेते ही पोर," स्टुडिओचे मालक म्हणाले. उंटाला मात्र तिनं ते दाखवलं नाही. काम पुरं झाल्यावर दाखवायचं आणि तेव्हाच सांगायचं, असं ठरवलं. आरशासमोर वाक्यही घोटून ठेवलं: हे तुझं आहे, आणि हे माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही.

काम पाठवायच्या दिवशी दुपारी तो आला. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला, पहिल्या उडीला हसला. मग गाणं थांबलं, चिंगीनं बट सारली… आणि तो स्टुलावरून पुढं झुकला.

"परत लाव."

तिनं लावलं.

"अजून एकदा."

तिनं पुन्हा लावलं. घोटलेलं वाक्य ओठावर आलं होतं.

"ही तिची लकब आहे," तो म्हणाला.

"कुणाची?"

"जिनं मला नाच शिकवला तिची. मी तिच्या मागं उभा राहून शिकायचो. ती बट सारून गिरकी घ्यायची. पायांबरोबर हातही शिकला असणार." त्यानं आपल्या उजव्या हाताकडं परक्याचा असावा तसं पाहिलं. "भांडून गेली ती. मला वाटायचं, विसरलो आपण. तुला कसं दिसलं गं हे?"

"कामच आहे माझं ते."

तो पडद्याकडंच बघत होता.

"काढून टाकू? तासाभराचं काम," ती म्हणाली.

"नको…" मग जरा सावरून, "म्हणजे, काम तुझं आहे. तू ठरव. पण राहिलं, तर तिला पाठवीन म्हणतो."

तो गेल्यावर तिनं तेवढी चित्रं खोडली आणि गाणं लावलं. चिंगीनं बट न सारता गिरकी घेतली. गिरकी नीट होती, तोलात होती, आणि तिच्यात कुणी नव्हतं. असलं काम हातावेगळं करणं तिला कधी जमलेलं नव्हतं. तिनं बट परत आणली आणि व्हिडिओ पाठवून दिला.

गाणं गाजलं. बस थांब्यावर शाळकरी मुली थांबून, बट सारून गिरक्या घेऊ लागल्या. उंटाचा निरोप आला: "तिनं पाहिलं. ओळखलं. उद्या भेटतोय. सगळं तुझ्यामुळे." खाली सशाच्या कानांचं चित्र होतं. तिनं उत्तर लिहिलं, खोडलं, मग "छान" एवढंच पाठवलं.

पुढचं काम साबणाच्या जाहिरातीतल्या अस्वलाचं होतं. ती आरशासमोर डुलत चालू लागली. वळताना अंबाड्यातली पेन्सिल निसटली, केस तोंडावर आले आणि उजवा हात आपसूक कानाकडं निघाला.

तिनं तो अर्ध्यावरच थांबवला. बट डोळ्यांवर तशीच राहू दिली आणि अस्वल पुढं चालू लागलं.