मरियमवरचा बदली माणूस

अमिरातीतल्या फुजैरात समुद्र दिसणारा फ्लॅट मिळाला की माणसं बाल्कनीत खुर्ची टाकतात. नागेशने चादरी वाळत टाकल्या. एक उतरली की लगेच दुसरी. अनुपमा वैतागायची, "अहो, घरातल्या चादरी संपल्या. आता वाळलेलीच पुन्हा ओली करताय." नागेश दोनदा खाकरायचा आणि म्हणायचा, "ऊन येतं गं आत."

ही दोनदा खाकरायची सवय त्याची खोटं बोलतानाची. बाल्कनी पूर्वेची, दहानंतर तिथे ऊन औषधाला नसे. झाकायचं होतं ते चादरीपलीकडे होतं. किनाऱ्यापासून तीन मैलांवर नांगरलेली, गंजून विटकरी पडलेली 'मरियम'.

मरियम हे मोठ्या जहाजांना भर समुद्रात तेल भरून देणारा लहानसा टँकर. नागेश तिच्या इंजिनावर होता. एके दिवशी मालकाने फोन उचलणं बंद केलं. डिझेल संपलं, दिवे गेले, माणसं एकेक करून घरी गेली. उंदीरसुद्धा गेले, आणि त्यांनी जाताना बदली माणूस दिला नाही. माणसांना मात्र कायदा होता. जहाज रिकामं सोडायचं नाही. एक जण वर राहिलाच पाहिजे आणि त्याचं नाव बंदराच्या कागदावर पाहिजे. शेवटी ते नाव नागेशचं निघालं.

तेव्हा तहसीन पुढे झाला. राजापूरकडचा, जहाजावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. "नाग्या, तुझी बायको-पोर समोर किनाऱ्यावर. रोज दिसतात नि भेटत नाहीत, वेडा होशील. माझं राजापूर इथून दिसतच नाही. मला काय? कागदावर माझं नाव घाल आणि जा तू. दोन महिन्यांनी ये, मग मी निघतो."

त्या दोन महिन्यांची अडीच वर्षं झाली होती.

नागेशला किनाऱ्यावर तेलाच्या टर्मिनलवर काम लागलं. सुरुवातीला तो तहसीनचे फोन घ्यायचा. "पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला." मग घेईनासा झाला. मग नंबरच बदलला. एवढं मात्र करायचा, की दर पंधरा दिवसांनी जेट्टीवरच्या रेहानची लाँच मरियमला पाणी-तांदूळ द्यायला निघाली की तिच्यात एक पिशवी ठेवायचा. कोकम, सुके बोंबील, एखादा साबण. नाव न सांगता. देवाला चोरून नैवेद्य दाखवावा तसं.

हे सगळं असंच चाललं असतं. पण आठवीतल्या काव्याला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं: मध्ययुगातले लढवय्ये धर्मसंघ.

"बाबा, सगळे टेम्प्लर्स घेतायत. सो बोरिंग. मी मर्सिडेरियन्स घेतलेत." ती जमिनीवर पालथी पडून चार्टपेपर रंगवत होती. "बार्सिलोना, ट्वेल्व्ह एटीन. ते नाइट्स होते, पण त्यांचं मेन काम म्हणजे कैद झालेल्यांना सोडवून आणायचं."

"लढून?"

"नो, खंडणी देऊन. आणि त्यांची एक एक्स्ट्रा शपथ होती, चौथी. खंडणी कमी पडली तर कैद्याला सोडायचं आणि त्याच्या जागी स्वतः राहायचं. इट्स सो कूल, ना?"

नागेशने चहाचा कप खाली ठेवला. "मग त्यांना सोडवायला कोण यायचं?"

"आय डोन्ट नो, बाबा. मेबी कुणीच नाही."

चार्टपेपरवर पांढऱ्या झग्यातला माणूस होता. छातीवर लहानशी ढाल. वर लाल पट्ट्यात पांढरा क्रूस, खाली लाल-पिवळे उभे पट्टे. चेहरा कोरा. "फेस मला जमत नाही," काव्या म्हणाली. "तुम्ही बसाल का माझ्यासमोर? फाइव्ह मिनिट्स?"

"उद्या," नागेश दोनदा खाकरून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेट्टीवर रेहान दोर गुंडाळत होता. नागेशला पाहून थांबला. "नागेशभाई, मरियमपे अब दो आदमी हैं?"

"एक आहे. एकच असतो."

"मैं भी वही बोला. पर दूसरा रेलिंगपे खड़ा था. सफेद कपड़ा. अरबोंवाला कंदूरा नहीं. छातीपे लाल-पीली पट्टी." रेहानने दोर पुन्हा हातात घेतला. "भाई, वो पूरा वक्त इधर देख रहा था. किनारे की तरफ."

नागेश घरी आला आणि त्याने बाल्कनीत आणखी एक चादर टाकली. डबल बेडची.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. अनुपमा दवाखान्यात ड्यूटीवर, काव्या शाळेत. दारात तहसीन उभा होता. निम्मा झालेला, दाढी पांढरी, अंगाला गंजाचा वास.

नागेशला वाटलं, आता हा आपल्याला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तहसीनने त्याला मिठी मारली.

"पाठवलास रे बाबा माणूस! उशीर केलास, पण पाठवलास. उद्या दुपारचं विमान आहे माझं."

"मी...?"

"परवा सकाळी चहा टाकला, वळलो तर हा दारात. कमरेपर्यंत भिजलेला. लाँच नाही, काही नाही. म्हटलं, नागेशने पाठवलं? मान हलवली, बंदराचा कागद हातात दिला. जेवत नाही, बोलत नाही. नुसता तुझ्या बाल्कनीकडे बघत बसतो."

"माझी बाल्कनी कशी काय..."

"रेहानने दाखवलीन ना, पहिल्याच वर्षी! दुर्बिणीतून रोज बघायचा मी. निळी फुलांची चादर, मग हिरवी, मग ती डबल बेडची. चादर बदलली की मनात म्हणायचा, आहे, नाग्या आहे, विसरला नाही. नाहीतर खुळाच झालो असतो तिथे." तहसीनने डोळे पुसले. "आणि ते बोंबील. नाव नव्हतं, पण साबण जहाजावर असताना तू वापरायचास तोच."

तहसीनने खिशातून बंदराच्या शिक्क्याचा कागद काढला. उतरणारा: तहसीन. चढणारा: नागेश. खाली सही होती. नागेशचीच, शेवटच्या 'श'चं शेपूट ओढलेली, जशी तो ओढतो तशी.

खरं तर आता गप्प बसला असता तरी चाललं असतं. तहसीन सुटला होता, कागद पुरा होता. पण कुणीतरी आपल्या नावाने तिथे उभं आहे, उपाशी, भिजलेलं, आणि त्याला सोडवायला कुणी जाणार नाही, हे त्याला गिळता येईना. दुपारी तो रेहानच्या लाँचमध्ये चढला.

"दहा मिनिटं थांब. बघून येतो."

उन्हाने तापलेलं टर्मिनलचं नारिंगी जाकीट त्याने लाँचच्या फळीवर काढून ठेवलं आणि दोरशिडीने तो वर गेला.

डेकवर कुणी नव्हतं.

भंडारखान्यात चूल कोमट होती. ओट्यावर एकच ताट, धुऊन पालथं घातलेलं.

"कोण आहे?" त्याने विचारलं. हिंदीत, मग मराठीत.

खुंटीला पांढरा झगा टांगला होता. छातीवर लाल-पिवळे पट्टे. खालून कमरेपर्यंत ओला, टपटप गळत होता. नागेशने कॉलरला हात लावला. कॉलर कोरडी होती, आणि ऊबदार.

बाहेर इंजिन सुरू झालं.

तो धावला. लाँच वळत होती. "रेहान! ए रेहान!"

रेहानने मागे पाहिलंच नाही. तो फळीवर बसलेल्या माणसाशी बोलत होता. वाऱ्यावर एवढंच आलं, "यल्ला, चलो नागेशभाई, ठीकसे बैठो."

त्या माणसाची नागेशकडे पाठ होती. अंगात नारिंगी जाकीट.

लाँच ठिपक्याएवढी झाली. मग ठिपकाही उरला नाही.

दुर्बीण खिडकीशी होती, तहसीनने ठेवली तिथेच. नागेशने आपली बिल्डिंग शोधली. चौथा मजला. बराच वेळ डबल बेडची चादर हलत होती. ऊन कलायला लागल्यावर कुणीतरी ती काढली, नीट घडी केली आणि त्या जागी खुर्ची ठेवली.

त्याच्या खिशात फोन वाजला. घरच्या तिघांच्या ग्रुपवर काव्याचा आवाज, ड्यूटीवरच्या आईसाठी.

"आई, लवकर ये ना. बाबा माझ्यासमोर बसलेत, फेससाठी. वन होल आवर! अजिबात हलत नाहीयेत. आणि आई, चौथ्या शपथेबद्दल ना, ही नोज एव्हरीथिंग. थांब, विचारते. बाबा, आता कुठे जाणार नाही ना तुम्ही?"

मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. आणि मागे कुणीतरी खाकरलं.

दोनदा.