पाचवं वाक्य

सलग तीन दिवस तो औषधाच्या दुकानात आला आणि तिसऱ्या दिवशीही हवं ते न घेताच परत गेला असता. पहिल्या दिवशी त्याने खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, दुसऱ्या दिवशी कापूस. खोकला त्याला नव्हता, आणि कापसाचं तो काय करणार होता ते त्याचं त्याला ठाऊक. तिसऱ्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस होता, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तो टूथब्रश निवडण्याचं नाटक करत उभा होता, तेव्हा काउंटरमागून ती म्हणाली,

“वरच्या खिशातली चिठ्ठी भिजलीय. द्या इकडे.”

त्याने आधी खिशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग चार घड्या घातलेला तो कागद निमूटपणे काउंटरवर ठेवला.

उदासी कमी करणारी गोळी होती. पहिल्यांदाच सुरू करायची, रोज एक. वय चोवीस, म्हणजे तिच्याएवढंच. तिने भुवई उचलली नाही. फार्मासिस्टने भुवया कॉलेजातच ठेवून यायच्या असतात.

“तुम्हाला... कळलं असेल,” तो म्हणाला.

“मला इतकंच कळलं की तुमच्या डॉक्टरांचं अक्षर भयंकर आहे.”

तो हसला. अगदी थोडंसं, बऱ्याच दिवसांनी काढलेला कपडा झटकून पाहावा तसं. पण हसला. तिला ते हसू आवडलं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. “दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वाचतो,” तो म्हणाला, “आणि घरी गेलो की... स्वतःच्या.” बोलता बोलता मध्येच थांबायची त्याला सवय होती. तिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं — स्वल्पविराम.

“डबीत एक कागद असतो ना?” त्याने विचारलं. “बारीक अक्षरांतला. तो मी वाचणार. मी सगळंच वाचतो. मागे पित्तावरच्या गोळीचा वाचला होता.”

“मग?”

“मग... गोळी नाही घेतली.”

ती औषध काढायला कपाटाकडे वळली. डबी हातात घेतली आणि तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं — हा घरी जाणार, दिव्याखाली बसणार, मुंग्यांसारखी ती अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार आणि उद्या पुन्हा कापूस घ्यायला येणार. त्याच्याकडे पाठ होती तेवढ्यात तिने डबीचं झाकण उघडलं, तो कागद अलगद ओढून घेतला आणि काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये सरकवला. वाईट हेतू नव्हता. वाईट हेतू असता तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

या गोळ्या नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकाला ती पाच वाक्यं सांगायची. तिचा तो नेमच होता. दुकानाचे मालक काका त्यावरून तिला “डॉक्टरीणबाई” म्हणून चिडवायचे. करंगळीपासून सुरुवात करून ती एकेक बोट मिटत गेली.

“पहिलं. ही गोळी लगेच काम करत नाही, तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्तही. दुसरं. सुरुवातीला मळमळेल, डोकं दुखेल, झोप बिघडेल. बहुतेकांचं ते पंधरा दिवसांत ओसरतं. तिसरं. दारू नको, आणि दुसरं कुठलंही औषध घ्यायच्या आधी विचारायचं. चौथं. बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतील.”

अंगठा उरला होता. पाचवं वाक्य असं होतं : पहिल्या काही आठवड्यांत जीव एकदम अस्वस्थ झाला, किंवा स्वतःचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर तो तुमचा दोष समजू नका, वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, आणि घरातल्या एकाला हे आजच सांगून ठेवा. पंचविशीच्या आतल्या मुलांना तर ती ते दोनदा ऐकवायची.

“संपलं?” त्याने विचारलं. तो पुन्हा हसत होता.

“संपलं,” ती म्हणाली.

त्या क्षणी ती फार्मासिस्ट राहिली नव्हती, हे खरं.

तो रोज संध्याकाळी यायला लागला, तक्रारींची यादी घेऊन.

“आज पोटात ढवळतंय.”

“रिकाम्या पोटी घेतली असेल.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“तोंडावर लिहिलंय. छपाई स्वच्छ आहे.”

दुसऱ्या दिवशी डोकं, तिसऱ्या दिवशी झोप. काकांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं, “या मुलाला आणखी किती आजार व्हायचे राहिलेत?” ती लाल झाली आणि खोक्यांवरची धूळ पुसायला लागली. आठवड्याभरात दुकान बंद झाल्यावर कोपऱ्यावर चहा व्हायला लागला. छत्री एकच असायची, आणि तिच्याखाली नेहमी त्याचाच खांदा भिजायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. एकदा त्याची ताई बरोबर आली. लहान भावाच्या घरी जाऊन-येऊन लक्ष ठेवणारी, बोलकी, गोरीगोमटी बाई. तिने काउंटरवरच्या मुलीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “हा हल्ली आजारी पडायला एवढा उत्सुक का, ते आज समजलं.”

दहाव्या दिवशी मात्र तो आला तेव्हा दुकानात गर्दी होती. तो एका जागी उभा राहीना. बोटं काउंटरवर वाजत होती.

“बसवत नाहीये,” तो हळूच म्हणाला. “अंगात कुणीतरी... धावतंय.”

तिच्या एका हातात पावती होती, दुसऱ्या हातात मधुमेहाच्या गोळ्या. “होतं असं सुरुवातीला,” ती म्हणाली. “जाईल.” आणि डोळ्यांनी, गर्दीच्या डोक्यावरून, आणखी काहीतरी गोड सांगितलं. तो गेला. जाताना त्याने वळून पाहिलं नाही. हे तिला पावती फाडताना जाणवलं, पण तोवर पुढचं गिऱ्हाईक बोलायला लागलं होतं.

तो पुढे पाच दिवस आला नाही. फोन बंद होता. सहाव्या दिवशी ताई आली, एकटीच, डॉक्टरांची नवी चिठ्ठी घेऊन. गोळीचा डोस निम्मा केलेला होता.

“माझ्याकडेच आहे तो,” ताई म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. “रविवारी दुपारी नको नको ते विचार यायला लागले त्याच्या मनात. देवाची कृपा, मला फोन केला त्याने. मी मेली नेमकी परगावी. धावतपळत आले. तोवर शेजारणीला त्याच्याजवळ बसवलं. माझंच चुकलं गं. मी त्याला एकटं टाकून जायलाच नको होतं.”

तो कागद ठेवलेला ड्रॉवर काउंटरमागे तिच्या गुडघ्याला टेकलेला होता. आत्ता बोलावं, असं तिला वाटलं — तुमचं नाही चुकलं ताई, माझं चुकलं. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथूनच परतले. तिने गोळ्या मोजून दिल्या. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं.

तीन आठवड्यांनी तो स्वतः आला. चेहरा उतरलेला, पण डोळे जागेवर आलेले. झोप लागत होती, गोळीही हळूहळू लागू पडत होती. छापखान्याच्या गल्लीत एक बाक होतं, दुपारच्या सुट्टीत तो तिला तिथे घेऊन गेला. आत यंत्र चालू होतं, त्याची थरथर बाकापर्यंत येत होती. नुकताच पाऊस पडून गेल्यामुळे बाक ओलं होतं. त्याने आपला रुमाल तिच्यासाठी पसरला आणि स्वतः ओल्यातच बसला.

“तू मला आवडतेस,” तो म्हणाला. “एवढं सांगतो, आणि मग... थांबू या आपण.”

त्याने ओल्या बाकावर बोट फिरवलं.

“त्या रविवारी जे आलं ना मनात, ते माझ्यातलंच असणार. आत कुठेतरी होतंच. उद्या पुन्हा आलं तर? तुला त्यात ओढायचं नाही मला.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले, सुरुवातीला औषधाने असं होऊ शकतं, आधीही सांगितलं होतं. असेल सांगितलं. चिठ्ठी दिली त्या दिवशी मला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. पण मला वाटतं, समजूत घालत होते.” तो तिच्याकडे वळला. “खरं असतं तर छापलं असतं ना त्यांनी? माझ्या डबीत तर कागदच नव्हता. मी शोधला होता. म्हटलं, एवढं साधं औषध असेल की कागदाचीही गरज नाही.”

ती नुसतं “डॉक्टरांचं खरं आहे” म्हणू शकली असती. तीही त्याला समजूतच वाटली असती, आणि तो आयुष्यभर स्वतःला घाबरत राहिला असता. त्याला पटेल असं एकच होतं तिच्याजवळ. ते दिलं तर तो मोकळा होणार होता आणि बहुधा तिचा राहणार नव्हता.

“कागद होता,” ती म्हणाली. “मी काढून घेतला.”

यंत्र थांबलं होतं. की तिलाच तसं वाटलं.

“तू वाचून घाबरशील, गोळी घेणारच नाहीस, असं वाटलं मला. त्यात तुझा रविवार छापलेला होता. तरुण मुलांना पहिल्या आठवड्यांत असं होऊ शकतं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते प्रत्येकाला तोंडानेही सांगते. तुला नाही सांगितलं. तू हसत होतास, आणि... मला ते हसू घालवायचं नव्हतं. गर्दीच्या दिवशी तू आलास, तेव्हाही मी नीट विचारलं नाही.”

त्याने तिचा शब्द न् शब्द ऐकला. मग त्याचे खांदे खाली आले.

“म्हणजे ते... मी नव्हतो?”

“तू नव्हतास.”

त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि रडला. हलकं झाल्यावर माणूस रडतो तसं, लाजलज्जा न ठेवता. तिलाही रडू आलं. त्या दोन मिनिटांत तिला वाटून गेलं की सुटलो, दोघंही सुटलो.

मग त्याने चेहरा पुसला आणि तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिने आधी पाहिली नव्हती. प्रुफं तपासताना तो असाच बघत असेल.

“मला राग नाही आला,” तो म्हणाला. “तू मला आवडतेस हे औषधाने आलेलं नाही, औषधाने जाणारही नाही. पण मला काय झेपेल, ते तू माझ्या पाठीमागे ठरवलंस. उद्या काही वाईट बातमी आली, घरात आजारपण आलं, तर...”

“नाही लपवणार. पुन्हा कधीच नाही.”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. “तू नाही लपवणार. पण मी शोधत राहीन. तू बोललीस की, काय गाळलं असेल ते शोधत राहीन. तसं कुणाबरोबर राहता येत नाही गं.”

तिने उठून रुमालाची घडी केली आणि ती त्याच्या हातात दिली.

“ताई अजून स्वतःला दोष देते,” रुमाल खिशात ठेवत तो म्हणाला. “रात्री दोनदा उठून माझ्या खोलीत डोकावते. तिला...”

“मी सांगते. आज संध्याकाळी येते.”

तो तिला दुकानापासून घ्यायला आला. रस्त्याने दोघं फारसं बोलले नाहीत. पाऊस नव्हता, तरी तो सवयीने छत्री तिच्या बाजूला धरून चालत होता. ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तिने बेल वाजवली. तो तिच्या मागे, एक पायरी खाली उभा राहिला.

ताईने दार उघडलं. आधी तिने मुलीकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून भावाकडे. दोघं असे जोडीने पहिल्यांदाच तिच्या दारात आले होते. ताईचा तो जागरणांनी काळवंडलेला चेहरा एकदम उजळला.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली आणि तिने मुलीचा हात धरून तिला आत ओढलं. “ये, ये. सांग, काय सांगायला आलात ते सांग.”