उतरवलेलं दार

"जरा सरकता का? तुमच्या पायाशी माझा पेचकस पडलाय."

मी सरकले नाही. त्या दिवशी मी कुणाच्याच सांगण्यावरून सरकणार नव्हते! मला बाहेर बाकावर बसवून दवाखान्याच्या बैठकीत माझ्या पुढच्या आयुष्याचा निकाल लागत होता. सुताराने खोलीचं दार दुरुस्तीला उतरवलं होतं, म्हणून दादाचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"पुस्तकबांधणीचं काम तिला झेपायचं नाही. हात कापतात. घरीच बरी ती."

"हात गोळीने कापतात!" मी पुटपुटले. "आठ महिन्यांत ते भासाचे आवाज एकदाही आले नाहीत. पण मला विचारतंय कोण?"

सुताराने कानामागची पेन्सिल काढली. "हे मला काय सांगताय? दार तर मी काढून ठेवलंय..."

डोकं असं सणकलं! तरातरा आत गेले, खुर्ची ओढली. "माझ्याबद्दल बोलताय ना? मग माझ्याशी बोला."

"शहाण्यासारखी बाहेर बस!" दादा ओरडला. डॉक्टरबाईंनी मात्र वही उघडली. गोळी बदलून महिनाभर अर्धा दिवस काम करायचं ठरलं. मग पुन्हा बैठक — माझ्यासकट.

दर गुरुवारी तपासणीला जायचे, तेव्हा दार भिंतीला टेकलेलंच. सुतार हसायचा. मी कपाळाला आठ्या घालायचे... आणि त्याच्या केसांतला भुसा बघायचे.

महिन्याने मी स्वतः शिवलेलं पुस्तक बैठकीत टेबलावर आपटलं. बाईंनी पानं ओढून पाहिली, एकही निघालं नाही. पूर्ण दिवसाचं काम मिळालं.

बाहेर आले, तर दार अजून तसंच!

"एका बिजागरीला महिना लागतो?"

"तुमच्यासाठीच उघडं ठेवलं. साहेबांची बोलणी खाल्ली त्यापायी."

"मला विचारलंत? आत लोकांची दुखणी बोलली जातात, ती सगळ्यांनी ऐकायची? सगळे माझं भलं करायला टपलेत, विचारत मात्र कुणी नाही! आज मला हाक मारून आत बोलावलं. बसवा ते दार!"

त्याचा चेहरा पडला. त्याने मुकाट्याने दार बसवलं, दोनदा उघडून-लावून पाहिलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"चुकलं माझं. आता विचारतो... तुम्ही मला आवडता. चालेल?"

"माझा आजार उलटू शकतो."

"तेव्हा मी काय करायचं, तेही तुम्हीच सांगा. आत्ता, बऱ्या असताना."

असं मला आजवर कुणीही विचारलं नव्हतं. मेल्याने रडवलंच.

"यादी मोठी आहे," बाकावर बसत मी रागानेच म्हटलं.

"मग... जरा सरकता का?"

मी सरकले.