काखेतली शिवण

कात्रीला बांधलेलं घुंगरू किणकिणलं आणि सेत्सुनं श्वास रोखून टोपलीकडे पाहिलं.

घरात इतका वेळ कुणी हूं की चूं केलं नव्हतं. सासूबाई चुलीपाशी वाटाणे सोलत होत्या, त्यासुद्धा टरफलं अगदी हलक्या हातानं खाली ठेवत होत्या. पाच वर्षांची नाओ जमिनीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे चिमटीनं वेचत होती, तेही पायांचा आवाज न करता. गवताच्या टोपलीत मऊ कापडं खोचून ठेवलेला तोकुजी रडून रडून नुकताच कुठे झोपला होता. घुंगराच्या आवाजानं त्याच्या कपाळावर आठी आली, ओठांनी दोनदा हवाच चोखली, आणि तो पुन्हा झोपला.

"कात्रीला घुंगरू बांधायची अक्कल कुणाची?" सासूबाई कुजबुजल्या.

"तुमचीच, आई. कात्री सारखी हरवते म्हणून."

"तेव्हा मला नातू नव्हता."

सेत्सु हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. महिन्याच्या सुरुवातीला तिला ताप आला होता. ताप उतरला आणि त्याबरोबर अंगावरचं दूधही आटलं. कार्प माशाचं सार झालं, वैद्याची मुळी झाली. शेळीचं दूध पोराला पचेना. रेशनवरच्या डब्यातलं दूध यायचं यायचं म्हणत होते, पण युद्ध संपून तिसरं वर्ष चालू होतं आणि तळ्याच्या या उत्तर काठापर्यंत अजून काहीच धड पोचत नव्हतं. खिंडीपलीकडच्या वाडीत एक बाळंतीण होती. सेत्सु तिच्याकडे जाऊन पदर पसरायची, ती बिचारी पाजायचीही. पण स्वतःच्या पोरासाठी ती हात आखडू लागली की सेत्सु आपणच उठायची. बाकी वेळ तोकुजीला भाताची पेज. त्याच्या फासळ्या आता किमोनोवरूनसुद्धा हाताला लागायच्या.

मांडीवर बेन्तेनसामाचा उन्हाळी झगा होता. किताउरा गावातली ही देवीची मूर्ती कापराच्या लाकडाची, मांडीवर बिवा, म्हणजे खऱ्या तारांची वीणा. घडवणाऱ्यानं तिच्या अंगावर कपडे कोरलेलेच नाहीत. म्हणून तिला खरे कपडे नेसवायचे, जूनला पातळ, ऑक्टोबरला अस्तराचे. यंदा शिवायची पाळी सेत्सुच्या घराची. देवीच्या अंगाचं माप घ्यायचं नाही, जुन्या झग्यावरून नवा बेतायचा, एवढा नियम. आणि दुसरा: काख शिवून टाकायची. बाईमाणसाच्या किमोनोला काखेखाली फट असते, पोराला पाजायला तीच सोयीची. देवीच्या झग्याला ती ठेवत नाहीत. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी तोकुजी पुन्हा उठला, पुन्हा रडला. एका हातानं टोपली हलवत, दुसऱ्या हातानं टाके घालत सेत्सुनं झगा संपवला. हात सवयीनं चालत होते. घडी घालून तिनं तो ट्रंकेवर ठेवला आणि पेज ढवळायला उठली.

नेसवायचं काम दोन बायकांचं, देवीपुढच्या बांबूच्या पडद्याच्या, चिकाच्या आत, अर्ध्या अंधारात, नजर खाली ठेवून. तोंडात कागदाची घडी धरायची, म्हणजे आपला श्वास देवीवर पडत नाही आणि बोलताही येत नाही. डावीकडे सासूबाई, उजवीकडे सेत्सु. बाहेर योहेइ आजोबा, देवळाची देखभाल करणारे, ढोलकीवर टिचक्या मारत होते. जुना झगा उतरला, नवा चढला. बाही सारखी करायला सेत्सुनं हात फिरवला आणि तो सरळ आत गेला.

फट तशीच होती. ती शिवायची विसरली होती.

बोटांना लाकूड लागलं. ते गार नव्हतं. झोपलेल्या माणसाची कूस लागावी तसं कोमट होतं. सेत्सुनं दचकून हात काढला आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत कमरेचा गोफ बांधत होत्या. तोंडातला कागद सेत्सुच्या दातांखाली ओला झाला. गोफाची गाठ बसली की झगा ऑक्टोबरपर्यंत उतरवायचा नाही, आणि गाठ बसली होती.

तारांचं काम सुरू झालं होतं. गाव जगतं ते त्यावरच. रेशमाचे कोष उकळायचे, धागा काढायचा, पीळ देऊन हळदीच्या पाण्यात बुडवायचा, आणि मग त्या पिवळ्या तारा क्योतोच्या वादकांकडे जायच्या. शेडमध्ये वाफ फार, म्हणून तान्ह्यांच्या टोपल्या शेजारच्या देवळाच्या ओसरीवर ठेवायची जुनी रीत होती. आता गावात तान्हं एकच. तळ्यावरून तिथं वारा येतो, सावली असते, आणि नाओ जवळ बसून माश्या हाकते.

झगा चढवला त्याच दुपारी सेत्सु पेजेची वाटी घेऊन ओसरीवर गेली. तोकुजी झोपला होता. मुठी उघड्या, पोट टम्म. तिनं वाकून पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब सुकला होता.

"नाओ, कोण आलं होतं गं?"

"कुणी नाही."

तिनं नाक त्याच्या तोंडाशी नेलं. दुधाचा वास होता. स्वतःच्या दुधाचा वास तिला झोपेतही कळला असता. हा तसाच होता, आणि त्यात थोडा कापूर होता.

त्यानंतर पेज उरू लागली. ओल्या दुपट्यांचे पिळे जड झाले. फासळ्या बुजल्या, मनगटाला वळी पडली. सासूबाई नातवाला मांडीवर उडवत म्हणायच्या, "आलं ना दूध परत? मी म्हणतच होते. याच्या बापानं मला दोन वर्षं सोडलं नव्हतं, जाईन तिथं शोधत यायचा." सेत्सु हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही.

योहेइ आजोबांची मात्र वेगळीच तक्रार. ते शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

"बायांनो, यंदा देवीच्या बिवाला तारा कसल्या लावल्यात? वारा सुटला की दरसाल गुणगुणायची. आता मुकी बसलीये."

"आजोबा, कान तपासून घ्या," कुणीतरी म्हणालं.

"कान शाबूत आहेत माझे. परवा तुम्ही माझ्याबद्दल काय बोलत होता ते सगळं ऐकलंय."

शेडमध्ये हशा पिकला. सेत्सुला हसू आलं नाही. बिवा मांडीवर असते. वाजवायची तर दोन्ही हात मोकळे लागतात, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि ते तिनं पुढे जाऊ दिलं नाही.

एक दिवस मात्र तिनं पाहिलं. भर दुपार होती, तळं काचेसारखं पडलं होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. ओसरीची पायरी चढतानाच नाओनं ओठांवर बोट ठेवलं.

"शू. पितोय."

तोकुजी टोपलीत उताणा होता. डोळे उघडे, वर कशाला तरी लागलेले. ओठ गोल. गळ्याशी घोट उतरताना दिसत होता, एक, थांबून आणखी एक. त्याची एक मूठ हवेत वर होती. बोटं कशावर तरी मिटली होती. देवीपुढचा चिक सावकाश आत-बाहेर होत होता, कुणाच्या तरी श्वासाबरोबर व्हावा तसा.

सेत्सुला ओरडता आलं असतं. पोराला उचलून पळता आलं असतं. ती मागच्या मागे पायरी उतरली, शेडच्या भिंतीला टेकून, तोंडावर हळदीचे हात दाबून रडली. भीतीनं म्हणावं तर तसं नव्हतं. बाईनं बाईच्या पोराला पाजलं होतं. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या कोंबडीचं अंडं ती चिकापुढे ठेवू लागली. अंडं देवीचा दूत मानतात त्या पांढऱ्या सापासाठी, असं लोक समजत. तिनं ते बाळंतिणीला द्यावं तसं ठेवलं.

उन्हाळा असा गेला. नवरा गेनसाकु मालाच्या होडीवर असे, अधूनमधून घरी यायचा. तो आला आणि पोराला बघून चाटच पडला.

"हा माझाच ना? का पैलवानाचं पोर बदलून आणलंत?"

"घ्या की. हात तुटतील."

त्यानं घेतलं. तोकुजी त्याच्या खांद्यावरून पलीकडे, देवळाच्या दिशेच्या भिंतीकडे बघत राहिला. गेनसाकुनं टिचक्या वाजवल्या, कोल्ह्याचं तोंड करून दाखवलं. पोरानं मान वळवली नाही. "बापाला ओळखत नाही, ठीक आहे," तो म्हणाला. "तू हाक मार बघू."

सेत्सुनं हाक मारली. तोकुजीनं तिच्याकडेही पाहिलं नाही.

हे तिला आधीच माहीत होतं. नवऱ्यासमोर झालं एवढंच. संध्याकाळी टोपली उचलली की तो कमान होऊन रडायचा. तिच्या छातीशी धरला की नाक फिरवायचा. हसायचा तो फक्त ओसरीवर, चिकाकडे बघून, बोळकं पसरून. रांगू लागेल तेव्हा पहिल्यांदा कुणाकडे जाईल, हा प्रश्न तिच्या डोक्यात सुईसारखा रुतून बसला. पोर जगलं होतं. पण कुणाचं म्हणून जगलं होतं?

सप्टेंबर सरता सरता ती अस्तराचा झगा शिवायला बसली. काखेपर्यंत आली आणि थांबली. सुई तशीच हातात.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. 

"या खेपेला शिवणार का?" त्यांनी विचारलं.

सेत्सुनं मान वर केली. "तुम्हाला माहीत होतं?"

"डावीकडून माझाही हात आत गेला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तोंडात कागद होता."

"आणि नंतर?"

"नंतर पोर हसायला लागलं होतं." सासूबाईंनी झग्याची कड उगाचच सरळ केली. "सेत्सु, मी म्हातारी झाले. देवीशी भांडायचं वय नाही माझं. पण त्याला आता दात येताहेत. मऊ भात खाईल, अंड्याचा बलक खाईल. घेणं कुठंतरी पुरे म्हणावं लागतं. नाहीतर देणाऱ्याला सवय होते."

सेत्सुनं दुहेरी दोरा ओवला. बारीक, जवळ जवळ टाके घातले. प्रत्येक टाक्याला ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. उपकार झाले, असं होतं ते. शेवटी शेवटी, माफ कर, असं झालं.

ऑक्टोबरच्या त्या सकाळी पुन्हा कागद तोंडात, पुन्हा ढोलकी. उन्हाळी झगा उतरवला तेव्हा तो पुढून कडक झाला होता, दोन्ही बाजूंना, पिवळट, पुन्हा पुन्हा भिजून वाळल्यासारखा. हळदीचा डाग म्हणावा तर हळदीला असा वास नसतो. सासूबाईंनी तो पटकन उलटा करून घडी घातली.

नवा झगा चढला. सेत्सुनं काखेवरून हात फिरवला. बंद होती.

ती गोफ ओढत असताना तिच्या हाताच्या पाठीवर एक थेंब पडला.

ऊन ऊन.

तिनं नजर वर केली नाही. गाठ मारली.

त्या दिवशी तोकुजी खूप रडला. सेत्सुनं त्याला ओसरीवर नेलंच नाही, पाठीला बांधूनच कामाला गेली. दुसऱ्या दिवशी तो कमी रडला. मग कधीतरी दमून, चिडून त्यानं चमच्यातला भात तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. आणि एका सकाळी सेत्सु त्याचं तोंड पुसत असताना त्यानं तिची गळपट्टी मुठीत धरली आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. नीट, निरखून. मग हसला. खालचे दोन दात दिसले. सेत्सु तिथंच चुलीपाशी बसून राहिली. सासूबाई म्हणाल्या, "भात करपतोय गं," आणि स्वतःच उठून भांडं उतरवलं.

त्याच दुपारी नाओ बाहेरून आली. सपाता दारात न काढता तशीच उभी. तिच्या हातात तिची चिंधीची बाहुली होती.

"कुठं होतीस?"

"बेन्तेनसामाकडे. तोकुजीची टोपली तिथंच राहिली ना. देवी सारखी तिच्यात बघते. म्हणून मी तिला माझी बाहुली दिली."

सेत्सुनं बाहुली हातात घेतली. चेहऱ्याचं कापड पार भिजलं होतं. जिथं नाओनं लाल दोऱ्यानं तोंड काढलं होतं तिथून पांढरं पाणी हळूहळू ठिबकत होतं. खोलीत कापराचा वास पसरला.

"बाहुली नाही पीत म्हणून देवीनं परत दिली," नाओ म्हणाली. मग तिनं तोकुजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, दूध तर बाळ झाल्यावरच येतं ना? मग बेन्तेनसामाचं बाळ कुठं गेलं?"