राघूच्या हाकेला ओ

ती बॅटरी विझवा आधी. डोळ्यांत येतो उजेड. हं... आता सांगतो. घाई करू नका, मला सावकाशच सांगता येतं.

मोखाड्याहून जव्हारला जीप चालवतो तो गोरख तुम्हाला माहीत आहे. ही त्याची गोष्ट. गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी तो सूर्यमाळला गेला, ते काम तसं साधंच होतं. त्याची नवशी नावाची मावशी वारली होती. तिचा दहावा उरकायचा, घराला कुलूप घालायचं आणि तिचा पोपट घेऊन यायचं.

आई गेल्यावर या मावशीनंच त्याला वाढवलेलं. दिवाळीत ती अंथरुणाला खिळली तेव्हा त्याचा हात धरून म्हणाली होती, "माझ्यामागं राघूला सोडू नको रं. त्याचा पंख मोडका हाय. उडता नाय येत त्याला, मांजर खाईल." गोरख म्हणाला होता, "नाय सोडणार." एवढंच बोलणं झालं. पुढं म्हातारी गेली तेव्हा तो जवळ नव्हता. त्याची बायको माघी जव्हारच्या दवाखान्यात होती. पोर दिवस भरायच्या आधीच आलं होतं. मुलगी. पावणेदोन किलोची.

पोपट घरात आला आणि तिसऱ्या दिवशी माघी पोरीला घेऊन घरी आली. मोखाड्यात बाजारामागची भाड्याची एक खोली. त्यात चूल, खाट, आढ्याला बांधलेली पोरीची झोळी, आणि खिळ्याला पिंजरा. डॉक्टरणीनं बजावून सांगितलं होतं, "पोरीला झोपू द्या. झोपली तर पिईल, प्याली तर वाढेल. आठ दिवसांनी वजन घेऊ. वाढलं नाही तर परत दाखल करावं लागेल."

आणि राघू ओरडायचा.

ओरडायचा म्हणजे कसं सांगू? पत्र्यावर खिळा ओढावा तसं. गोरख सकाळी चप्पल घालायला वाकला की सुरू. माघी पाण्याला बाहेर पडली की सुरू. दिवेलागणीला तर बघायलाच नको. पोपट रात्री गप असतो, सगळ्या जगाचा असतो. हा नव्हता. दिवा मालवला, अंधार झाला, की अर्ध्या तासानं पहिली किंकाळी. पोर झोळीत दचकायचं, मुठी आवळायचं, तोंडातलं दूध बाहेर. मग रडणं. मग माघीचं रडणं.

पिंजऱ्यावर गोधडी टाकून पाहिली, तो गोधडीतून ओरडला. हिरवी मिरची दिली, ती खाल्ली आणि ताजातवाना होऊन ओरडला. मोबाइलवर गाणी लावली, तर गाण्याच्या वरताण. माघी वैतागून किंचाळायची, "गप रं मेल्या!" चार दिवसांत राघू माघीच्याच आवाजात म्हणायला लागला, "गप रं मेल्या!" आणि वर पुन्हा किंकाळी. तो ओरडला की कुणीतरी धावत पिंजऱ्याशी जायचं, शिव्या द्यायचं. त्याला तेच पाहिजे असावं.

शेजारी तुळशीदास शिंपी. तो रोज सकाळी दारात उभा. "गोरख, याला निवडणुकीला उभा कर. माइकचा खर्च वाचंल."

"तुळशीदासभाऊ, चार रात्री झोपलो नाय मी. काल गाडी खड्ड्यात घातली असती."

"मग दे ना फॉरेस्टवाल्यांना. नायतरी पोपट पाळणं गुन्हाच हाय."

"मावशीला शब्द दिलाय."

"मावशी गेली, तू पण जाशील अशानं," तुळशीदास म्हणाला आणि मशिनवर जाऊन बसला.

आठ दिवसांनी आशाताई काटा घेऊन आली. वजन वाढलं नव्हतं. उलट वीस ग्रॅम घटलं होतं. आशाताईनं ते वहीत लिहिलं. त्या रात्री राघू ओरडला तसा गोरख उठला, पिंजऱ्यात हात घालून त्यानं पोपटाची मान धरली. बोटाखाली ते इवलं काळीज धडधडत होतं. पोरीचं धडधडतं ना, अगदी तसं. त्यानं हात काढून घेतला आणि भिंतीवर डोकं आपटलं.

दुसऱ्या दिवशी सूर्यमाळचा बुध्या बाजाराला आला. मावशीचा शेजारी. जीपमध्ये पुढंच बसला होता. गोरखनं सगळं सांगितलं तर म्हातारा हसायला लागला.

"अरं, तो ओरडत नाय, हाक मारतो. उन्हाळ्यात झऱ्याला पाणी रात्रीच साचतं. तुझी मावशी मध्यरात्री हंडा घेऊन निघायची. हा घरात एकटा. हा हाक मारायचा, ती वाटेवरनं ओ द्यायची. कूऽऽ. वळणावर गेली की परत कूऽऽ. झऱ्यावर पोचली की लांबनं बारीक कूऽऽ. मग हा गप. आपलं माणूस हाय, येणार हाय, कळलं की संपलं. तू ओ देतोस का त्याला?"

"मी शिव्या देतो."

"मग वरडंल नाय तर काय करंल?"

त्या रात्री दिवा मालवला. अर्धा तास गेला. राघूनं किंकाळी फोडली. गोरखनं तोंड उघडलं तसा माघीनं अंधारात त्याचा हात धरला.

"रात्री हाकेला ओ देऊ नये, ठाऊक हाय ना? तीन हाका झाल्याशिवाय तर नायच."

"पोपटाची हाक हाय माघी, भुताची नाय. तीन हाकांत पोर उठंल."

आणि त्यानं पहिल्याच हाकेला ओ दिली. "कूऽऽ."

राघू गप्प झाला. पंख झटकल्याचा आवाज आला, नंतर काही नाही. माघी अंधारात हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

सहा रात्री अशा छान गेल्या. पोर झोपलं, प्यालं. आशाताईनं पुन्हा काटा लावला, नव्वद ग्रॅम वाढलं होतं. तुळशीदासनं उरलेल्या कापडाचं टोपडं शिवून दिलं.

सातवी रात्र. राघूनं हाक मारली. गोरख झोपेत होता, ओठ उघडायला उशीर झाला. तेवढ्यात ओ आली.

लांबून. सूर्यमाळचा रस्ता येतो ना, त्या अंगानं. बारीक.

कूऽऽ.

राघू गप्प झाला.

"तुम्ही दिली ना?" माघीनं विचारलं.

"हो," गोरख म्हणाला. खोटं बोलला. बाळंतिणीला काय सांगणार?

दुसऱ्या रात्री तो जागाच होता. ओठ घट्ट मिटून पडला होता. राघूची हाक... आणि लगेच ओ. आज बाजाराच्या टोकाकडून. तिसऱ्या रात्री वडाच्या पाराजवळून. कुत्री भुंकली नाहीत. रोज थोडं जवळ. पाणी भरून माणूस परतीला लागावं तसं.

पोर मात्र झोपायचं. गोरखला झोप नव्हती ती नव्हतीच. आधी पोपटानं नेली होती, आता त्या ओ देणारीनं. त्याला राग यायचा, भीतीपेक्षा रागच. एवढं सगळं केलं, शब्द पाळला, आणि वर हे!

डिसेंबरची एकोणीस तारीख. शुक्रवार. अमावास्या. रात्रीचे अकरा वाजायला आले होते. राघूनं हाक मारली.

ओ भिंतीमागून आली.

कुडाची नव्हे, विटांची भिंत. तिला लागून खाट. ओ अगदी खाटेच्या उशाशी, भिंतीच्या पलीकडून. दमल्या माणसाचा असतो तसा श्वास... आणि मग काहीच नाही.

माघी उठून बसली. तिनं अंधारात गोरखचं तोंड चाचपलं. ओठ घट्ट मिटलेले होते.

"तुम्ही नाय दिलीत," ती म्हणाली.

तिनं झोळीची दोरी घट्ट धरली.

"कधीपासनं?"

गोरख उठून बसला.

"घेऊन जा त्याला. आत्ता. जिथनं आणलाय तिथं ठेवून या. माझं पोर हाय इथं."

त्यानं पिंजरा उचलला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, मोबाइलमध्ये पाहिलं त्यानं. बाहेर येऊन म्हणाला, "आतनं कडी लाव. मी आल्यावर हाक मारीन." कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि जीप काढली.

घाट चढताना राघू एकदाही ओरडला नाही. मागच्या सीटवर पिंजरा, आणि नुसती गाडीची घरघर. थंडी काचेला बसत होती.

पाड्यावर सगळीकडे अंधार. मावशीच्या घराला त्यानंच घातलेलं कुलूप. त्यानं पिंजरा ओट्यावर ठेवला. दारापुढं हात जोडून उभा राहिला.

"मावशे, तुझा राघू आणलाय. शब्द मोडतोय, माहीत हाय मला. पण माझं पोर... तूच सांग मी काय करू? सकाळी बुध्याकाकाला सांगतो, तो दाणा घालंल. आता तू येऊ नको गं. राहा हितंच."

तो वळला. चार पावलं गेला.

मागून राघूची हाक.

गोरख थांबला. आता ओ येणार... कुलपाच्या आतून येणार...

नाही आली.

राघूनं दुसरी हाक मारली. झऱ्याच्या वाटेकडं मान करून.

काही नाही. वारासुद्धा नाही.

तिसरी हाक. चौथी. पोपटाचा आवाज फाटला. डोंगर गप्प. घर गप्प. घर नुसतं रिकामं होतं. रिकाम्या घरासारखं रिकामं.

मग गोरखला कळलं.

मावशी इथं नव्हती.

तिची शेवटची ओ... भिंतीमागून आली होती. आणि तिथं तो माघीला न् पोरीला एकटं ठेवून आला होता.

त्यानं पिंजरा उचलला. का उचलला, त्याला सांगता येत नाही. घाट कसा उतरला तेही नाही. गिअर अडकला, शिव्या दिल्या, रडला. पावणेदोनला दारात पोचला.

"माघी!"

आत काही नाही.

"माघी! मी हाय!"

नाही.

"माघीऽऽ!"

तिसऱ्या हाकेला आत पावलं वाजली. कडी निघाली. माघी दारात उभी, केस विस्कटलेले, डोळे झोपेनं जड.

"अहो, हळू. पोर उठंल. आणि परत बाहेर कशाला गेलात?"

"परत?"

"मघाशी तर आलात. अंधारात झोळीपाशी बसला होतात की. दोरी ओढत होतात. मी म्हटलं, बसलेत तर जरा डोळा लावते."

"दार कुणी उघडलं?"

माघी दाराकडं वळली. थांबली. आत्ताच स्वतःच्या हातानं काढलेल्या कडीकडं बघत राहिली.

गोरख पिंजरा घेऊन आत गेला. दिवा लावला. झोळी हलत होती... हळू, एका तालात. मग थांबली. राघू पिंजऱ्यात मान तिरकी करून झोळीच्या बाजूला, कोपऱ्याकडं बघत होता. ओरडला नाही. तो पुढं कधीच ओरडला नाही. आजही त्याच खिळ्याला आहे, जाऊन बघा.

पोर झोपलं होतं. मुठी उघड्या. ओठांवर दूध. एवढं गाढ ते जन्मल्यापासून झोपलं नव्हतं. गोरखनं त्याला उचलायला खाली हात घातला आणि हात तसाच राहिला.

पोरीखाली लुगड्याचा तुकडा होता. चौपदरी घडी घातलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला. आपल्याकडं तान्ह्या पोराला म्हातारीच्या जुन्या लुगड्यात निजवतात, तिच्याएवढं आयुष्य मिळावं म्हणून. ते माघीनं केलं नव्हतं. तिच्याकडं तसं लुगडं नव्हतंच. आणि नवशी मावशीची सगळी लुगडी दहाव्याच्या दिवशी गोरखनं स्वतःच्या हातानं, शेवटची चिंधी राख होईपर्यंत उभं राहून, जाळली होती.

त्या तुकड्याची एक कड जळालेली होती. गोरखनं तिला बोट लावलं.

अजून गरम होती.